"कुठे मिळेल?" विचारणाऱ्याला "धन्यवाद" म्हणू नका

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. मी जळगाव जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर नर्मदा परिक्रमा केली आणि वाटेत रोज लिहिलेल्या वहीवरून पुस्तक झालं. प्रकाशकांनी छपाईचा खर्च माझ्याकडूनच घेतला, ५०० प्रती घरी आणून दिल्या आणि "आता सोशल मीडियावर चालवा" असं सांगून ते मोकळे झाले. प्रकाशन समारंभाचे फोटो फेसबुकवर टाकले, तर तीनशेच्या वर लाइक आले, शुभेच्छांचा पाऊस पडला. खपल्या १९ प्रती, त्यातल्या बारा नातेवाइकांनी घेतल्या. बाकीचे गठ्ठे दिवाणाखाली आहेत. भाचा म्हणतो, मावशी, रील्स कर. या वयात कॅमेऱ्यापुढे हातवारे करायला मला संकोच वाटतो. एका एजन्सीने ४५ हजारांत "बेस्टसेलर पॅकेज" देऊ केलंय. आमचे हे म्हणतात, छापलंस ना, पुरे झालं, आता लोकांच्या मागे लागू नकोस.

आणखी एक. गुडघ्यामुळे उत्तर तटावरचा काही टप्पा मी जीपने केला. पुस्तकात ते एका ओळीत आहे. सोशल मीडियावर कुणी ते उकरून काढलं तर? तिथे लोक फार बोलतात. बाकी माझं पुस्तक साधंच आहे. शूलपाणीच्या झाडीत परिक्रमावासी लुटले जातात असं ऐकलं होतं, पण मला कुणी लुटलं नाही, उलट एका भिल्ल मुलाने माझी पिशवी पुढच्या पाड्यापर्यंत वाहून दिली. समुद्रसंगमाजवळ मिठी तलाईला बोटीतून उतरताना गुडघाभर चिखलात रुतले, तेव्हा सगळे हसले आणि मीही हसले. हे लोकांपर्यंत कसं न्यावं?
– एक परिक्रमावासी

उत्तर

ताई, नर्मदे हर.

पत्रासोबत तुम्ही त्या पोस्टचा स्क्रीनशॉट पाठवलात, खालच्या कमेंट्ससकट. मी आधी कमेंट्सच वाचल्या. "अभिनंदन ताई", "खूप खूप शुभेच्छा", "बाई, आम्हाला तुमचा अभिमान वाटतो" अशा गर्दीत चौदा जणांनी विचारलंय, "पुस्तक कुठे मिळेल?" कुणी नुसतंच "किंमत?" या चौदाही जणांना तुम्ही जोडलेल्या हातांचं चित्र आणि "धन्यवाद" असं उत्तर दिलंय. पैसे हातात घेऊन दारात उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाला चहा पाजून परत पाठवावं, तसं झालं हे. तेव्हा माझं उत्तर पुढे वाचण्याआधी आज संध्याकाळी त्या चौदा जणांना एकेक करून निरोप टाका. किंमत इतकी, टपालखर्च इतका, पत्ता या नंबरवर पाठवा. दोन महिने उलटून गेले असले तरी टाका. उशिरा आलेल्या उत्तराचा कुणाला राग येत नाही, न आलेल्याचा येतो.

आता त्या पोस्टबद्दल. फोटोत व्यासपीठ, मागे फ्लेक्स, पुढे पाच माणसं. पाचही जणांनी पुस्तक छातीशी धरलंय आणि त्यांतल्या दोन प्रतींना चकचकीत कागद अजून निम्मा चिकटलेलाच आहे. पुस्तकाचं नाव वाचता येत नाही. मजकुरात प्रमुख पाहुणे, मग अध्यक्ष, मग "यांच्या शुभहस्ते संपन्न". पुस्तक नर्मदेवर आहे हे कळेपर्यंत फेसबुकने मजकूर दुमडून "आणखी पाहा" म्हटलेलं असतं. असा फोटो काढावा, घरच्या अल्बमला लावावा, माझी काही हरकत नाही. पण तो पाहणाऱ्याला अभिनंदनाशिवाय दुसरं काही करता येत नाही, म्हणून लोकांनी अभिनंदन केलं आणि ते पुढे गेले. वाचायला त्यात होतं काय?

आणि वाचण्यासारखं तुमच्याकडे किती आहे ते तुमच्या पत्रातच दिसतं. मिठी तलाईचा चिखल तुम्ही अर्ध्या वाक्यात उरकलात. तोच असा लिहून बघा:

"विमलेश्वरला आम्ही भरतीची वाट बघत बसलो होतो. पाणी चढल्याशिवाय बोट सुटत नाही. पलीकडे मिठी तलाईला उतरले आणि दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत आत. उजवा निघाला, डावा निघेना. ओढला तर चप्पल आतच राहिली. मागच्या बाईंनी हात दिला, तर त्याही रुतल्या. मग काय, दोघी हसत सुटलो. आयुष्यभर पोरांना 'चिखलात खेळू नका' म्हणत आले मी."

चप्पल आत राहिल्याचं मी आपलं घातलंय. तुमचं खरोखर काय राहिलं ते तुम्ही लिहा. खाली एक ओळ सोडून पुस्तकाचं नाव, पृष्ठसंख्या, टपालासह किंमत आणि मागवण्याचा नंबर. बस. सोबत व्यासपीठ नको, त्या चिखलाचा किंवा बोटीचा तुमच्या फोनमधला फोटो टाका. हलला असेल तरी चालेल.

अशी पोस्ट आठवड्यातून दोनदा झाली तरी पुष्कळ. रोज एक टाकायच्या नादात माणूस चौथ्या दिवशी सुविचार टाकू लागतो. तुमच्या वहीत प्रत्येक मुक्कामाला काही ना काही असेलच. कुणी कोरा शिधा दिला आणि चूल पेटेना, कुठे "मैया, आज हमारे यहाँ" म्हणत म्हातारीने रस्ता अडवला, कुठल्या आश्रमात वहीवर शिक्का मारताना पुजाऱ्याने तुमचं गाव विचारलं. ते शिक्के मारलेलं एखादं पान तसंच्या तसं फोटो काढून टाका. हाताने लिहिलेलं, तेलाचा डाग पडलेलं, कोपऱ्यात निळा शिक्का असलेलं पान लोक थांबून बघतात.

आता गुडघ्याकडे येऊ, कारण माझ्या मते तुमच्या पत्रातला खरा विषय तोच आहे.

मराठीत नर्मदा परिक्रमेवर किती पुस्तकं आहेत हे मी तुम्हाला सांगायला नको. मोठ्या दुकानात त्यांचा एक खणच वेगळा असतो. १३१२ किलोमीटर लांबीची नदी, ती कायम उजव्या हाताला ठेवायची, समुद्रसंगमाशिवाय कुठे पात्र ओलांडायचं नाही, शास्त्राप्रमाणे तीन वर्षं तीन महिने तेरा दिवस, सदावर्त, शूलपाणीची झाडी, मैयाचे चमत्कार. खणातली चार पुस्तकं वाचलेल्या माणसाला हे सगळं पाठ असतं. मग त्याने पाचवं का घ्यावं? "मलाही असाच दिव्य अनुभव आला" एवढ्यावर नाही घेणार. "गुडघा गेलेल्या, साठी ओलांडलेल्या बाईने हे कसं निभावलं" यावर मात्र घेईल. तो नसला तर त्याची आई घेईल, त्याची मोठी बहीण घेईल. जाऊ का नको या विचारात पाच-पाच वर्षं काढलेली अशी माणसं घरोघरी आहेत. आम्हाला झेपेल का, मध्येच नाही झेपलं तर काय, तोंड दाखवायचं कसं, असले प्रश्न ती धट्ट्याकट्ट्या परिक्रमावासीयांना विचारायला लाजतात. त्यांना उत्तर देणारं पुस्तक तुमच्या दिवाणाखाली आहे आणि तुम्ही नेमकं तेच पान झाकून ठेवताय.

तेव्हा कुणी उकरून काढायची वाट बघू नका, तुम्हीच सांगा. आणि दहाव्या-बाराव्या पोस्टमध्ये नको, पहिल्या दोन-तीनमध्येच. सुरुवातच करा: "मी सगळी परिक्रमा पायी केली नाही." मग कुठून कुठपर्यंत जीपने गेलात, त्या सकाळी गुडघा कसा होता, डॉक्टर काय म्हणाले, जीपमध्ये बसताना मनात काय होतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा चालायला लागलात तेव्हा सोबतचे काय म्हणाले. रडगाणं नको, समर्थनही नको. जसं झालं तसं.

बोलणारे बोलतीलच. "खंडित परिक्रमेचं काय पुस्तक लिहायचं" असं एखादा म्हणेल, दुसरा शास्त्रवचन टाकेल. त्यांना एकदाच, शांतपणे: "हो, तो टप्पा मी वाहनाने केला, पुस्तकातही तसं लिहिलं आहे." त्यानंतर एक अक्षर नाही. बसने आणि गाडीने परिक्रमा करणारे दरवर्षी हजारोंनी निघतात. तुमच्या बाजूने बोलायला त्यांच्यातलंच कुणीतरी येईल आणि ते तुमच्यापेक्षा चांगलं भांडेल. शिवीगाळ असेल तर मात्र कमेंट काढून टाका, माणूस ब्लॉक करा. वर्गात तुम्ही काय केलं असतंत, तेच.

एक अडचण दिसते. मलपृष्ठाचा जो फोटो तुम्ही पाठवलात त्यावर "संपूर्ण पायी परिक्रमेचा थरार" असं छापलंय. हे प्रकाशकांच्या हौसेचं काम असणार, पण आत एक आणि बाहेर दुसरं असं चालणार नाही. उद्या वाचक तेच बोट दाखवून विचारेल, आणि तेव्हा त्याचं बरोबर असेल. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची एक चिठ्ठी छापून घ्या, दोन वाक्यांची, तुमच्या सहीची, आणि प्रत्येक प्रतीत पहिल्या पानावर चिकटवा. खर्च फार नाही. त्या १९ जणांनाही तीच चिठ्ठी व्हॉट्सॲपवर पाठवा.

शूलपाणीबद्दलही थोडं. "झाडीत मला लुटलं" असा मथळा दिला की व्हिडिओ धावतो, हे भाचा तुम्हाला सांगेलच. तुम्हाला लुटलं नाही हे फार चांगलं झालं, नाहीतर मोह झाला असता. सरदार सरोवराच्या फुगवट्याखाली तिथली काठाची जुनी वाट गेली, पाडे उठले, माणसं वर डोंगरात सरकली. तरी आपल्याकडची वर्णनं अजून धनुष्यबाण घेऊन लुटणाऱ्या भिल्ल "मामां"पाशीच अडकलेली आहेत. पिशवी वाहून देणाऱ्या पोराची गोष्ट तुम्ही लिहा. तुमच्या खानदेशातच नंदुरबार जिल्हा आहे. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांच्या कडेने नर्मदा महाराष्ट्राच्या हद्दीवरून वाहते आणि पुण्या-मुंबईच्या कित्येक वाचकांना ही नदी आपल्या राज्याला शिवते हेसुद्धा माहीत नसतं. ही एक पोस्ट तर सहज होते.

मात्र त्या पोराचा चेहरा टाकू नका. फोटो काढताना तो हसला म्हणजे फेसबुकवर झळकायला त्याने होकार दिला असं होत नाही. पाठमोरा फोटो असेल तर तो घ्या, नसेल तर वाटेचा घ्या. ज्या बायांनी जेवू घातलं त्यांचे चूल-घरातले फोटोही तसेच. आश्रमांचे फोन नंबर तर अजिबात नकोत. एखाद्या लहान कुटीचा नंबर दहा हजार लोकांपुढे गेला की तिथला सेवेकरी दिवसभर "एसी रूम आहे का" याची उत्तरं देत बसतो. आणि वाटेची माहिती लिहाल तिथे "मी अमुक साली गेले तेव्हा" हे शब्द हवेतच. वाटा बदलतात, बोटीची जागा बदलते, आश्रम बंद पडतात. तुमच्या जुन्या पोस्टवर विसंबून कुणी रात्री नको तिथे पोचायला नको.

कुठे लिहायचं? तुमच्या स्वतःच्या भिंतीवर माजी विद्यार्थी आणि भावकी आहे. त्यांनी घ्यायच्या तेवढ्या प्रती घेऊन झाल्यात. परिक्रमेला निघू पाहणारी माणसं फेसबुकवरच्या परिक्रमेच्या ग्रुपांत असतात आणि तिथे प्रश्न विचारत असतात. तिथे जाऊन पुस्तकाची जाहिरात टाकलीत तर ॲडमिन काढून टाकेल, आणि योग्यच करेल. तुम्ही उत्तरं द्या. बूट बरे की चप्पल? पिशवीचं वजन किती असावं? एकट्या बाईने जावं का? मधुमेहाची औषधं वाटेत मिळतात का? तुम्ही हे सगळं भोगून आलाय. चार ओळींत नेमकं उत्तर द्या आणि थांबा. पुस्तकाचं नाव काढू नका. उत्तर आवडलं की माणूस नावावर टिचकी मारतो, प्रोफाइलवर येतो, आणि तिथे सगळ्यात वर तुमची पुस्तकाची पोस्ट पिन केलेली असली पाहिजे. ही पिन करायची सोय भाच्याकडून आजच करून घ्या.

वेळही बरी साधलीत. तुमचं पत्र भाद्रपदात आलं. चातुर्मासात परिक्रमावासी असतील तिथे मुक्काम करतात, कार्तिकी एकादशीनंतर वाट पुन्हा सुरू होते आणि ओंकारेश्वरहून, अमरकंटकहून नवे लोक संकल्प करून निघतात. म्हणजे दसऱ्यापासूनच घराघरांत तयारी चाललेली असते. तुमच्या पुस्तकाचा हंगाम तोच. त्यानंतर माघ शुद्ध सप्तमीला नर्मदा जयंती. आणि चैत्रात गुजरातमधल्या रामपुरा-तिलकवाडा भागातली उत्तरवाहिनी परिक्रमा असते. ती एका दिवसात होते आणि हल्ली महाराष्ट्रातून गाड्याच्या गाड्या भरून लोक जातात. त्यांतल्या अनेकांच्या मनात मोठ्या परिक्रमेची इच्छा असते, पण पाय साथ देत नाहीत. पुन्हा तुमचेच वाचक. पितृपक्षात विक्री होत नाही असं म्हणणारे भेटतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. पुस्तकाला मुहूर्त लागत नाही.

इंदूर, देवास आणि बडोद्याची मराठी मंडळीही विसरू नका. नर्मदा त्यांच्या घरापासून आपल्यापेक्षा कितीतरी जवळ. इंदूरची महाराष्ट्र साहित्य सभा, बडोद्याची मराठी वाङ्मय परिषद अशा जुन्या संस्थांना एकेक प्रत आणि हाताने लिहिलेलं पत्र पाठवा. हे सोशल मीडिया नाही, मान्य, पण तिथल्या एखाद्या वाचकाने आपल्या भिंतीवर चार ओळी लिहिल्या तर त्या तुमच्या चाळीस ओळींपेक्षा जड असतात.

रील्स. हातवारे करायची काही गरज नाही, तोंड दाखवायचीसुद्धा नाही. तीस वर्षं वर्गात मोठ्याने वाचलेला आवाज तुमच्याकडे आहे. तो वाया का घालवताय? टेबलावर काठी, परिक्रमेत सोबत नेलेली नर्मदेच्या पाण्याची छोटी बाटली, झिजलेली चप्पल असं एकेक ठेवा, भाच्याला वरून फोन धरायला सांगा आणि पुस्तकातला एक परिच्छेद वाचा. मिनिटभराच्या आत. "नमस्कार मित्रांनो, आज मी तुम्हाला" हे नको, पहिल्याच वाक्यात चप्पल चिखलात गेली पाहिजे. मजकूर अक्षरांतही पडद्यावर येऊ द्या, कारण बसमध्ये, ऑफिसात लोक आवाज बंद ठेवून बघतात. पंखा बंद करा. गल्लीतला भोंगा संपू द्या.

मागे "त्वदीय पादपंकजं" लावायचा मोह होईल. परिक्रमेच्या दर दोन व्हिडिओंपैकी एकाला ते असतंच. स्तोत्र जुनं असलं तरी त्याचं ध्वनिमुद्रण कुठल्या तरी कंपनीच्या मालकीचं असतं. व्यवसायाचं खातं असलं की इन्स्टाग्राम गाणीही मोजकीच वापरू देतं. लावायचंच असेल तर स्वतः म्हणा, टाळी वाजवत म्हणा, पण दर वेळी नको.

इन्स्टाग्रामच्या मजकुरात लिंक टाकली तरी ती उघडत नाही, लोक उगाच बोट दाबत बसतात. लिंक प्रोफाइलवरच्या परिचयात टाका किंवा स्टोरीत स्टिकर लावून द्या. फेसबुकवर लिंक पोस्टमध्ये न टाकता पहिल्या कमेंटमध्ये टाकण्याची पद्धत आहे. त्याने पोस्ट जास्त लोकांना दिसते असं म्हणतात. मला विचाराल तर तुमच्यासारखीला लिंकपेक्षा फोन नंबर बरा, कारण तुमचा वाचक साठीचा आहे आणि त्याला "कार्टमध्ये टाका" पेक्षा "पत्ता पाठवा" सोपं जातं.

पण तो नंबर घरचा नको. वेगळं सिम घ्या, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका. फुकट आहे. त्यात कॅटलॉग असतो, तिथे मुखपृष्ठ, किंमत, चार ओळी. झटपट उत्तरं साठवून ठेवता येतात, म्हणजे "किंमत?"चं उत्तर रोज नव्याने टाइप करायला नको. लेबलं असतात: "पैसे आले", "पाठवलं", "पोचलं". वेगळ्या नंबरचं दुसरंही कारण आहे. बाईचा नंबर पोस्टवर दिसला की रात्री अकरानंतर "हाय" सुरू होतं. तो फोन नऊ वाजता बंद करून कपाटात ठेवा. ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच निरोप अनेकांना धाडायची यादी) कराल तेव्हा एवढं लक्षात असू द्या, की ज्यांनी तुमचा नंबर आपल्याकडे सेव्ह केलाय त्यांनाच तो निरोप जातो, आणि एका यादीत २५६ माणसं मावतात. म्हणून ऑर्डर आली की "माझा नंबर सेव्ह करून ठेवा" हे विनवून सांगा.

पैशांच्या बाबतीत एक सांगून ठेवते. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन लागत नाही. "मॅडम, पन्नास प्रती हव्यात, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील" असा फोन आला की ठेवून द्या. "चुकून जास्त पाठवले, परत करा" म्हणणाऱ्याचंही आधी बँकेचं खातं उघडून बघा, त्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर भरवसा नको.

टपाल. पुस्तकांसाठीचं जुनं, स्वस्त रजिस्टर्ड बुकपोस्ट बंद झालं तेव्हा छोट्या प्रकाशकांचे हाल झाले. १ मे २०२५ पासून टपाल खात्याने "ज्ञान पोस्ट" सुरू केलंय. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, तिथून वजनाप्रमाणे वाढत पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. पाकिटाचा माग काढता येतो. रस्त्याने-रेल्वेने जातं, त्यामुळे दिवस लागतात, तसं ग्राहकाला आधीच सांगा. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव छापलेलं असावं लागतं आणि आत जाहिराती चालत नाहीत. तुमच्या प्रतीचं वजन पाकिटासह करून बघा. ३०० ग्रॅमच्या अलीकडे असेल तर पाकीट हलकं निवडा, विनाकारण पुढच्या दरात जाऊ नका. किंमत सांगताना टपालासह एकच आकडा सांगा. "२५० अधिक टपाल" म्हटलं की समोरचा "टपाल किती?" विचारतो आणि उत्तर येईपर्यंत त्याचा उत्साह मावळतो.

४५ हजारांचं पॅकेज? नको. आकडेमोड तुम्हीच करा. शिल्लक ४८१ प्रती. २५० रुपयांनी एकूण एक खपल्या तरी सव्वा लाखाच्या आतच येतात, त्यातली छपाई तुम्ही आधीच भरलीय. "बेस्टसेलर" म्हणजे बहुतेकदा ऑनलाइन दुकानाच्या एखाद्या लहानशा उपप्रकारात काही तास वर राहणं, त्याला थोड्याच वेळात थोड्याच प्रती पुरतात. त्याचा स्क्रीनशॉट मिळेल, वाचक मिळणार नाही. त्यांना एकच विचारा, "आतापर्यंत किती मराठी पुस्तकांच्या किती प्रती विकून दिल्यात, त्या लेखकांशी बोलू द्याल का?" उत्तर आलं तर मला कळवा. पुस्तकांवर बोलणाऱ्या इन्स्टाग्रामवाल्यांना प्रत पाठवायची असेल तर आधी विचारून पाठवा. पैसे किंवा भेट घेऊन शिफारस करणाऱ्याने तसं उघड सांगायला हवं, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२३ साली स्पष्ट केलंय. "ताई, तसं लिहिलं तर परिणाम जातो" म्हणणारा भेटला तर तुमची प्रत वाया जायची वाचली. जाहिरातीवर खर्च करायचाच असेल तर आधी दोन महिने साध्या पोस्ट टाका, त्यातली जी आपणहून चालेल तिलाच पाच-सातशे रुपये लावून "बूस्ट" करा, आणि रकमेची मर्यादा आधी घालून ठेवा.

तुमच्या ह्यांचं म्हणणं मला अर्धं पटतं. लोकांच्या मागे लागू नये. "घेतलं का हो पुस्तक?" असं लग्नाच्या पंगतीत विचारू नये, टॅग करून चाळीस जणांच्या भिंतीवर चढू नये, न मागता कुणाला क्यूआर पाठवू नये. पण मधुमेहाच्या औषधांविषयी विचारणाऱ्याला उत्तर देणं म्हणजे मागे लागणं नाही. हे त्यांना पटलं नाही तर पाकिटांवर पत्ते लिहायचं काम त्यांच्याकडे सोपवा. पत्ते वाचता वाचता मत बदलतं, असं मी एकाहून अधिक घरांत पाहिलंय.

ज्यांनी वाचलं त्यांना पंधरा-वीस दिवसांनी एक निरोप टाका. "कसं वाटलं?" असं विचारलंत तर "छान" एवढंच येईल. "कुठल्या पानावर थांबलात?" असं विचारा. जे उत्तर येईल ते परवानगी घेऊन, नाव न घालता, पुढच्या पोस्टला वापरा. चुका दाखवणारेही निघतील. गावाचं नाव चुकलंय, हा घाट दक्षिण तटावर आहे, उत्तर नव्हे, असं. त्यांच्याशी वाद घालू नका, एक वेगळी वही करा. दिवाणाखाली पन्नासेक प्रती उरल्या की दुसऱ्या आवृत्तीचा विचार करा, तोवर प्रकाशकांनी कितीही घाई केली तरी नाही. त्या आवृत्तीत मलपृष्ठावरचा "थरार" काढून टाका, आणि मुखपृष्ठही बदला. मावळता सूर्य, घाटाच्या पायऱ्या आणि काठी घेतलेली काळी आकृती त्या खणातल्या बहुतेक पुस्तकांवर आहे, आणि फोनच्या पडद्यावर नखाएवढं झालं की तुमच्या पुस्तकाचं बारीक पिवळं नाव दिसतही नाही. शिक्क्यांनी भरलेलं वहीचं पान टाकून बघा, नाव जाड अक्षरांत.